भित्र्या स्वाराचे वाहन

या व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा आम्ही साखर कामगारांच्या चळवळीचा इतिहास सांगावा, अशी त्यांची अपेक्षा होती. तो विषय आम्ही या गावात इतक्या वेळा मांडला आहे की, पुढच्या रांगेतले श्रोते आमचे वाक्य आमच्या आधी पुरे करतात. म्हणून आम्ही विचारले, दुचाकीचा इतिहास चालेल काय? चालक मंडळी क्षणभर बुचकळ्यात पडली. कामगार संघटनेत हयात घालविलेल्या, पंचावन्नी उलटलेल्या इसमाने दुचाकीवर काय बोलावे! परंतु तसे कारण घडले होते. गेल्या मार्गशीर्षात आम्ही विजेवर चालणारी स्कूटर शिकावयास घेतली आणि फाल्गुनात एकदाचे शिकलो. या तीन महिन्यांत आम्ही जितके भ्यालो तितके लाठीमारातही भ्यालो नव्हतो. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. त्यामुळे एखाद्या गोष्टीचे भय वाटले की तिच्यावरचे पुस्तक शोधावे, ही आमची जुनी खोड. दिवसा स्कूटरवर डगमगावे आणि रात्री दुचाकीचा इतिहास वाचावा, असा क्रम चालला.

त्या वाचनात एक गोष्ट ध्यानी आली. वाहनांचा इतिहास लिहिणारे तो धाडसी पुरुषांचा म्हणून लिहितात. कोण किती वेगाने गेला, कोणी कोणता घाट ओलांडला, याची वर्णने पानोपान असतात. परंतु धाडसी माणसाला वाहन सुधारण्याची गरजच पडत नाही. जे असेल त्यावर तो स्वार होतो. जो काठावर उभा राहून ‘हे आपल्याच्याने होणार नाही’ म्हणत होता, त्याच्यासाठी कारागिरांना डोके खाजवावे लागले. असे लोक संख्येने नेहमीच अधिक, आणि गिऱ्हाईकही तेच. आज आम्ही त्यांच्या बाजूने बोलणार आहोत. आम्ही त्यांच्यातलेच एक असल्यामुळे आमचे बोलणे निःपक्षपाती नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

आम्हांस हा उद्योग का करावा लागला, ते थोडक्यात सांगतो. आपल्या भागात गोदावरीचे कालवे आले, ऊस आला, मग साखर कारखाने आणि त्यांचे मैलोगणती शेतमळे आले. १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्याने ते मळे कारखान्यांकडून निघाले आणि १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेले. मळ्यांवरच्या चाळी मात्र होत्या तेथेच राहिल्या. त्या चाळींत आजही जुने कामगार आणि त्यांच्या विधवा राहतात. निवृत्तिवेतन किती? २०१४ साली सरकारने किमान रक्कम दरमहा १००० रुपये ठरविली. बहुतेकांचे त्याच्याच आसपास. एवढ्या पैशासाठीही दरसाल ‘हयातीचा दाखला’ द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे यंत्रावर अंगठा टेकून सिद्ध करावयाचे. पाचट सोलून आणि खुरपे धरून ज्यांच्या अंगठ्याच्या रेषा पुसल्या, त्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही. मग मोबाइलमध्ये चेहरा दाखवून ते काम करावे लागते. ज्याच्याजवळ तसा मोबाइल नाही आणि ज्याला तालुक्याला येववत नाही, त्याच्याकडे कोणी तरी गेले पाहिजे. ते कोणी तरी म्हणजे आम्ही.

पूर्वी आम्ही सायकलीवरून जात असू. पुढे बावीस वर्षे आमचे एक सहकारी, कारखान्यातले फिटर, आम्हांस आपल्या गाडीवर मागे बसवून नेत. आरंभी त्यांच्याजवळ लूना होती, नंतर मोटारसायकल आली. भाषणे आम्ही करावयाची, गाडी त्यांनी हाकावयाची, अशी वाटणी होती. एका पावसाळी रात्री नगर–मनमाड रस्त्यावर दिवा नसलेली उसाची ट्रॉली पुढे आली आणि आम्ही दोघे चारीत गेलो. त्यांना खरचटले, आमचे खांद्याचे हाड मोडले. तेव्हापासून आम्ही मागे बसूनही डोळे मिटत असू. दोन वर्षांमागे त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी गाडी बंद केली. ते म्हणाले, “भाऊ, आता तुम्ही शिका. नाही तर त्या म्हाताऱ्यांना कागदोपत्री मेलेले ठरवतील.” एस.टी. चाळीपर्यंत जात नाही. रिक्षाला द्यावयाचे पैसे कोणाच्या वर्गणीतून काढावयाचे? आमची मुलगी परिचारिका आहे. तिने कामावर जाण्यासाठी विजेची स्कूटर घेतली होती. सुट्टीच्या दिवशी ती दारात उभी असे. ती आमच्याकडे पाही आणि आम्ही दुसरीकडे पाहत असू. गाडी कोणत्या कंपनीची, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही.

पहिला धडा पाटाच्या कडेच्या वाटेवर झाला. शिकाऊ परवाना आधी काढला होता. चाळिशी उलटलेल्यास त्यासाठी डॉक्टरांचा दाखलाही जोडावा लागतो, तोही जोडला. मुलीने गाडीची किल्ली आपल्या खिशात ठेवली आणि सांगितले, “अण्णा, आज वीज नाही. बसा आणि दोन्ही पायांनी जमीन मागे रेटा.” अंगावर शहारा आला, तरी बसलो आणि रेटले. गाडी चारदोन हात सरके, आम्ही पाय टेकत असू, पुन्हा रेटा. पेरूच्या बागेतले राखणदार हे दृश्य पाहावयास कुंपणाशी आले.

त्या रात्री वाचले की, दुचाकीचा जन्म याच रीतीने झाला. १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल ड्राइस नावाच्या वनाधिकाऱ्याने लाकडाची दोन चाके एकामागे एक लावून त्यांवर बैठक बसविली. पायडल नाही, साखळी नाही; बसावयाचे आणि पायांनी जमीन रेटीत जावयाचे. म्हणजे राहात्याच्या पाटावर आम्ही जे करीत होतो ते बालिश नव्हते. त्याला दोनशे वर्षांची परंपरा होती. दुसऱ्या दिवशी राखणदारांना ही माहिती दिली. त्यांच्या हसण्यात फारसा फरक पडला नाही.

ड्राइसनंतर पन्नास-साठ वर्षांनी धाडसी पुरुषांचा काळ आला. पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच, मागचे पाटाएवढे, आणि स्वार त्या उंच चाकाच्या माथ्यावर. खडा लागला की स्वार डोक्यावर पुढे आपटे. हात-पाय मोडणे हा त्या छंदाचाच भाग समजला जाई. स्त्रियांनी, वयस्कांनी आणि उद्या कामावर हजर होणे भाग असलेल्या मजुरांनी त्या वाहनाकडे लांबूनच पाहावे. १८८५ साली इंग्लंडातील कव्हेंट्री गावी जॉन केंप स्टार्ली याने दोन्ही चाके जवळजवळ सारखी करून मागच्या चाकास साखळी लावली आणि स्वाराचे पाय जमिनीजवळ आणले. या जातीच्या सायकलीला त्या काळी नावच ‘सेफ्टी’, म्हणजे सुरक्षित सायकल, असे पडले. पराक्रमी मंडळींनी तिला नाके मुरडली. १८८८ साली बेलफास्टच्या डनलप या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा रबरी टायर केला आणि खडखडाटही थांबला. दहा वर्षांच्या आत उंच चाकाची सायकल अडगळीत गेली. आज आपल्या दारातली प्रत्येक सायकल त्या भित्र्यांच्या सायकलीचीच नात-पणती आहे.

त्याच १८८८ साली मराठी मुलखाच्या सीमेवर, बेळगावात, लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी सायकलींचे दुकान काढले. लोखंडी नांगर, किर्लोस्करवाडी हे सारे पुढचे, आरंभ सायकलीपासून. त्या काळी सायकल ही श्रीमंताची चीज होती. ती विकावयाची म्हणजे आधी चालवावयास शिकवावी लागे, आणि बंधूंनी तो धंदाही केला. आम्हांस या गोष्टीचे मोठे कौतुक वाटते. बेळगावच्या त्या मैदानावर कोणी वकील, कोणी इनामदार, प्रौढ वयाचे, पागोटे सावरीत, दुकानदाराच्या खांद्यावर हात टाकून हेलकावे खात असतील. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. परंतु त्यांच्या भीतीच्या पैशावर एक उद्योग उभा राहिला आणि त्यातून आमच्या बापजाद्यांच्या शेतात लोखंडी नांगर आला.

प्रौढपणी शिकणाऱ्यांपैकी दोघांची नावे मात्र जगाने लक्षात ठेवली आहेत. एक टॉल्स्टॉय. १८९५च्या आरंभी त्यांचा सर्वांत धाकटा मुलगा वारला आणि त्यानंतर लवकरच, सदुसष्टाव्या वर्षी, ते मॉस्कोत सायकल शिकले. दुसरे नाव फ्रान्सिस विलार्ड या अमेरिकन बाईंचे. दारूबंदीसाठी झटणाऱ्या स्त्रियांच्या मोठ्या संघटनेच्या त्या अध्यक्ष. आयुष्य सभा, दौरे, ठराव आणि वर्गण्या यांत गेले. म्हणजे व्यवसायाने आमच्याच जातीच्या. आईच्या मृत्यूनंतर प्रकृती ढासळली होती. अशात वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या सायकल शिकल्या आणि त्यावर १८९५ साली त्यांनी एक लहानसे पुस्तक लिहिले. सायकलीचे नाव त्यांनी ‘ग्लॅडिस’ ठेवले होते. रोज थोडा थोडा सराव करून त्यांना सुमारे तीन महिने लागले. आम्हांसही तीनच लागले, हे वाचून आमच्या जिवात जीव आला. मुलगी आधी म्हणत होती की हे काम आठवड्याचे आहे.

सेफ्टी सायकल स्वस्त होताच ती मजुरांच्या हाती गेली आणि मग तिने जे काम केले ते आमच्या विशेष जिव्हाळ्याचे. १८९४ साली बर्मिंगहॅममध्ये समाजवादी कामगारांचा ‘क्लॅरियन’ सायकल क्लब निघाला. रविवारी हे लोक खेडोपाडी पत्रके वाटीत जात. १८९६ साली जर्मनीत ऑफेनबाख येथे कामगार सायकलस्वारांचा ‘सॉलिडॅरिटी’ नावाचा संघ स्थापन झाला आणि तो लाखांच्या घरात पोचला. १९३३ साली सत्तेवर आलेल्या नाझींनी तो बंद पाडला. आपल्याकडे असा संघ निघाला नाही, पण सायकल होती. नव्वदच्या दशकात आम्ही या कामात पडलो तेव्हा आमची सारी संघटना एका सायकलीच्या कॅरियरवर मावत असे. पावतीपुस्तक, शाईचा पॅड, खळीचा डबा, भाकरी. ती सायकलही आम्ही लहानपणी तासाच्या भाड्याने घेऊन, मधल्या दांड्याखालून पाय घालून शिकलो होतो. तेव्हा पडलो ते आठवत नाही. पडण्याची भीती वाटली नाही एवढे आठवते. पोराला मोडण्यासारखे काही नसते. माणसाच्या मागे चार माणसे आणि दहा कामे उभी राहिली म्हणजे त्याला आपल्या हाडांची किंमत कळू लागते.

आता स्कूटरकडे येतो. १९१६ साली लंडनच्या रस्त्यावर लेडी फ्लॉरेन्स नॉर्मन या बाई उभ्याने चालविण्याच्या एका लहान मोटार-स्कूटरवरून कामाला जात. तसे छायाचित्र उपलब्ध आहे. स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या झगडणाऱ्या होत्या. पण तो प्रकार फार टिकला नाही. खरी स्कूटर इटलीतून आली. युद्धात पोंतेदेरा येथील पियाजो कंपनीचा विमानांचा कारखाना बाँबखाली उद्ध्वस्त झाला होता. विमाने करावयाची सोय राहिली नाही आणि लोकांपाशी मोटारीचे पैसे नव्हते. मालकाने कोर्रादीनो दास्कान्यो या विमान-अभियंत्यास दुचाकी आखावयास सांगितले. गंमत अशी की, या गृहस्थांना मोटारसायकल मुळीच आवडत नसे. तिच्यावर टांग टाकून चढावे लागते, साखळीचे तेल कपड्यांना लागते, चाक पंक्चर झाले की काढता काढता जीव जातो, ही त्यांची तक्रार. न आवडणाऱ्याकडे काम दिल्यामुळेच ते चांगले झाले. १९४६ साली जी ‘वेस्पा’, म्हणजे गांधीलमाशी, बाहेर पडली तिच्यात मधून पाऊल टाकून बसता येई, पुढे पत्र्याची ढाल होती, इंजिन झाकलेले होते, गिअर हातात होता आणि चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरलेले होते. धोतर नेसलेला माणूस तिच्यावर सरळ बसू शकला, हे तिच्या भारतातील यशाचे कारण कोणी लिहिलेले आम्ही पाहिले नाही, पण आम्हांस ते मोठे वाटते.

बजाज मंडळींनी १९४८पासून वेस्पा बाहेरून आणून विकल्या. १९५९ साली येथे बनविण्याचा सरकारी परवाना मिळाला आणि पुढे पियाजोशी करार होऊन उत्पादन सुरू झाले. तो करार १९७१ साली संपला. १९७२ साली आकुर्डीची ‘चेतक’ आली, राणा प्रतापाच्या घोड्याच्या नावाची. तिचा इतिहास आपणांपैकी पुष्कळांच्या घरात आहे. नंबर लावून आठ-आठ, दहा-दहा वर्षे वाट पाहावयाची, मुलीच्या लग्नात जावयाला तिचाच वायदा करावयाचा, आणि गाडी सकाळी चालू होत नसली म्हणजे तिला एका अंगाला आडवी कलती करून मग किक मारावयाची. घोडा खरा, पण लहरी. भित्र्या माणसाला तिची किक आणि क्लच ही दोन संकटे होतीच.

ती दोन्ही दूर करणारे वाहन आपल्या जिल्ह्यात निघाले. १९७२ साल आपल्याकडे दुष्काळाचे म्हणून आठवले जाते. खडी फोडण्याची कामे, सुकडी, तगाई. त्याच वर्षी नगरच्या फिरोदिया घराण्यातील हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक कंपनीने ‘लूना’ बाजारात आणली. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया हे नगरचे वकील, स्वातंत्र्यलढ्यातले, आणि १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. लूनाचे इंजिन ५० सीसीचे. गिअर नाही, क्लचची कटकट नाही. पायडल मारून चालू करावयाची, पेट्रोल संपले तर पायडल मारीतच घरी यावयाचे. मोटारसायकलवाले तिला हसत. ती सायकलीची मावशी की स्कूटरची धाकटी जाऊ, याचा निर्णय कधी झाला नाही. परंतु ज्या शिक्षिकेला, परिचारिकेला, पोस्टमनला, दूधवाल्याला आणि पन्नाशीतल्या कारकुनाला चेतक झेपत नव्हती त्यांनी लूना घेतली. आमचे फिटर सहकारीही त्यांतलेच. त्यांच्या मागे बसून आम्ही किती सभा केल्या, याचा हिशेब नाही. चढावर ती दम टाके. मग आम्ही उतरून चालत असू आणि ते पायडल मारीत. चळवळीच्या कामास हा वेग पुरेसा होता. १९८४ साली याच कंपनीने जपानच्या होंडाशी भागी करून गिअर नसलेली, बटणाने सुरू होणारी स्कूटर आणली, तेव्हा किकही गेली.

राहता राहिली वीज. वीज ही नवी गोष्ट आहे, असे आम्ही समजत होतो. ते खोटे निघाले. १८८१ साली पॅरिसच्या रस्त्यावर गुस्ताव्ह त्रूव्हे याने विजेची तीनचाकी चालवून दाखविली. १८९९ साली मोटारीने प्रथम ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडली ती मोटार विजेचीच होती. मुंबईची ट्राम १९०७ साली घोड्यांकडून विजेकडे गेली. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी धावली. विजेच्या मोटारी त्या काळी अमेरिकेत स्त्रियांना आणि वयस्कांना योग्य म्हणून विकल्या जात. कारण पेट्रोलची मोटार पुढे दांडा खुपसून फिरवून सुरू करावी लागे आणि उलटा झटका बसला तर मनगट मोडे. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत बटणाने इंजिन सुरू करणारी लहानशी विजेची मोटर बसविली गेली. त्या बटणाने विजेच्या गाड्यांचा बाजार बसविण्यास मोठा हातभार लावला. विजेने पेट्रोलला सोपे केले आणि स्वतः मागे पडली. संपात फितूर झालेल्या कामगाराची आठवण यावी अशी ही गोष्ट आहे, पण विजेला बोल लावणे योग्य नव्हे.

आज ती परत आली आहे. आकुर्डीच्या ज्या कारखान्यातून चेतक निघत होती तेथील उत्पादन २००७ साली थांबले आणि हजारो कामगारांनी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदांवर सह्या केल्या. २०२० साली चेतकचे नाव विजेच्या स्कूटरला मिळाले आणि जून २०२२मध्ये आकुर्डीच्याच आवारात तिचा नवा कारखाना सुरू झाला. त्या सह्या करणारे फिटर आणि वेल्डर तोवर गावी परतले होते किंवा म्हातारे झाले होते. विजेच्या मोटारीत दट्ट्या नाही, झडप नाही, क्लच नाही, तेल बदलणे नाही. हलणारे भाग अगदी थोडे. शिकणाऱ्याला हे सुख, पण इंजिन जोडणारा आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक यांचे हात त्यामुळे रिकामे होणार, हे आम्ही गाडीवर बसलो असतानाही विसरू शकत नाही. लूनाही फेब्रुवारी २०२४मध्ये विजेवर होऊन ‘ई-लूना’ या नावाने आली. आमच्या फिटर मित्राला ही बातमी वाचून दाखविली. ते म्हणाले, “पायडल आहे का?” नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

मग आमचे अडले कोठे? किक नाही, क्लच नाही, गिअर नाही. सायकलीमुळे तोलाचा प्रश्न नव्हता. अडले ते मुठीपाशी. उजव्या हाताची मूठ आपल्याकडे पिळली की गाडी धावते. आमची पोरे तिला ‘रेस’ म्हणतात. सायकलीचा वेग आपल्याच मांड्यांतून येतो, त्यामुळे तो किती आहे हे आपणांस ठाऊक असते. येथे वेग मनगटातून येतो आणि पेट्रोलच्या गाडीसारखा गुरगुरत येत नाही. विजेच्या मोटारीचा जोर थांबल्या जागीच पुरा असतो. गाडी पुढे झेपावली की अंग मागे जाते, अंग मागे गेले की भ्यालेला हात मूठ आणखी आवळतो, आणि मनगट आणखी मागे वळते. म्हणजे भीतीनेच वेग वाढतो! आम्ही तर तीस वर्षे मूठ आवळूनच घोषणा दिल्या. बाजारतळावर, बाजार नसलेल्या दिवशी, मुलगी ओरडत होती, “अण्णा, रेस सोडा! सोडा म्हणते ना!” आणि आम्ही प्राणपणाने धरून होतो. गाडी एका हातगाडीच्या रिकाम्या चाकाला जाऊन टेकली तेव्हा थांबली.

याहून वाईट प्रसंग दारातच घडला. गाडी उभी केली, उतरलो, ती वळवून भिंतीशी लावावयास गेलो. आवाज नव्हता; तेव्हा ती बंदच आहे, असे आम्ही समजलो. किल्ली मात्र फिरवलेली नव्हती. वळविताना उजवी मूठ पिळली गेली आणि सव्वाशे किलोंचे ते धूड आम्हांस ओढीत शेजाऱ्याच्या पेंडीच्या पोत्यांवर गेले. ढोपर फुटले, गाडीचा आरसा गेला, शेजाऱ्याची म्हैस दोन दिवस आमच्याकडे संशयाने पाहत होती. पेट्रोलची गाडी आपण चालू आहोत हे ओरडून सांगते. ही गप्प बसून असते. गप्प बसलेल्या कामगाराला मालक फसतो, तसे आम्ही फसलो. त्यानंतर पंधरा दिवस आम्ही गाडीला हात लावला नाही. मुलीने आग्रह केला नाही. तिने एवढेच विचारले की, चाळीवरच्या दाखल्यांचे काय करावयाचे ठरले.

पुन्हा आरंभ केला तो मुठीपासून. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून मागचे चाक अधांतरी ठेवावयाचे आणि मनगट खाली, बोटे सैल ठेवून मूठ नखभर फिरवावयाची, सोडावयाची. शंभर वेळा. मग ब्रेक, आता लहान दुचाकींना एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाके आवळणारी योजना असते, २०१९पासून ती नव्या गाड्यांना सक्तीची आहे. मग किल्ली. उतरण्याआधी किल्ली बंद, हा नियम आम्ही वर्गणीच्या पावतीइतका कडक केला. ज्या गाड्यांची मोटर २५० वॅटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा असतो त्यांना परवाना लागत नाही. आमची तशी नव्हती, म्हणून आठाच्या आकड्याची परीक्षा द्यावी लागली. पहिल्या खेपेस पाय टेकला. दुसऱ्या खेपेस टेकला नाही.

काही मित्रांनी बॅटरी पेटण्याची भीती घातली. २०२२च्या उन्हाळ्यात देशात काही ठिकाणी अशा गाड्या पेटल्या, हे खरे. त्यावर चौकशी होऊन त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून बॅटरीच्या चाचणीचे नियम कडक झाले. आम्ही ती रात्रभर बंद खोलीत लावून ठेवीत नाही, ओसरीवर लावतो. तीन-साडेतीन युनिटे लागतात. तेवढ्यात आमच्या दोन दिवसांच्या चाळी होतात.

फाल्गुनातल्या एका सकाळी आम्ही एकटे निघालो. मनमाड रस्ता टाळून पाटाच्या वाटेने, ताशी वीसने. पेरूच्या बागेतले राखणदार उभे होते. त्यांनी हात वर केला, आम्ही उलट हात वर केला नाही, कारण मूठ सोडवत नव्हती. चाळीवर नऊ जणांचे दाखले करावयाचे होते. अंगठ्याने तिघांचेच झाले, बाकी सहांचे चेहरा दाखवून केले. एका सत्तरीच्या आजीचा चेहराही मोबाइल घेईना. तिला ओट्यावर उजेडात बसविले, डोक्यावरचा पदर थोडा मागे सारावयास सांगितला, तेव्हा घेतला. “म्हणजे मी जित्ती का रे?” तिने विचारले. होय म्हणालो.

परतताना तिला दवाखान्याच्या फाट्यापर्यंत यावयाचे होते. गाडीकडे बोट दाखवून ती म्हणाली, “मागं बसू का?” परवाना खिशात होता, पण सहा महिने मागे कोणास बसवावयाचे नाही, असे मुलीने आमच्याकडून वदवून घेतले होते. आम्ही किल्ली बंद केली, तिची पिशवी पुढच्या आकड्याला अडकविली आणि गाडी ढकलीत तिच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत गेलो.